नवशिके नाना

आमच्या अलिबाग तालुक्यात ‘उद्यापासून’ म्हणणारी माणसं पुष्कळ. उद्यापासून पहाटे चालायला जाणार, उद्यापासून तंबाखू बंद, उद्यापासून हिशेबाची वही. यांची काळजी करायचं कारण नाही. त्यांचा उद्या काही उगवत नाही आणि कुणाला तोशीस पडत नाही. नानांची तऱ्हा निराळी. नाना आजच सुरू करतात. सकाळी डोक्यात आलं की दुपारी सामान घरात आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्या विषयावरचं पहिलं व्याख्यान. बंद पडायचं ते मागाहून, यथावकाश, कुणालाही न कळवता.

नागावला नानांची नारळी-पोफळीची वाडी आहे. वाडीत पर्यटकांसाठी चार खोल्या, विहिरीशेजारी घर. त्या घरात फेरफटका मारलात तर कोपऱ्याकोपऱ्यात एकेक श्रीगणेशा दिसेल. बाजाच्या पेटीवरची एकच पट्टी झिजलेली आहे, बाकीच्या कोऱ्या करकरीत. मोडीच्या वहीत ‘क’ आणि ‘ख’ इतके देखणे की पेशवे दप्तरात खपून जावेत. ‘ग’साठी पान उलटलेलं नाही. मधमाश्यांच्या दोन पेट्या माडाखाली आहेत. तिथं मात्र आधी माश्या सोडून गेल्या, मग नाना. जर्मन भाषेतलं ‘सुप्रभात’ त्यांना येतं आणि ते दिवसभर वापरतात. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं त्या आठवड्यात नाना निर्यातदार झाले. निर्यातीची खोकी अजून जिन्याखाली आहेत; कांदा घरात खाऊन संपला. मध्यंतरी कुलाबा किल्ल्याचा समग्र इतिहास लिहायला घेतला होता. ओहोटी साधून रोज चालत किल्ल्यात जायचे, दगड मोजायचे. इतिहास महादरवाजापर्यंत पोचला आणि भरती आली.

वहिनींनी यातल्या कशालाही कधी विरोध केलेला नाही. दारात टेम्पो थांबला की त्या एवढंच विचारतात, “ठेवायचं कुठं?”

अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे, हे शाळेत प्रत्येकाने पाठ केलेलं असतं. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार आणि त्यांच्यापायी चुंबकसूया भरकटणार म्हणून तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतलं चुंबकीय काम १९०४ साली इथं आणलं. तेव्हापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची बारीकसारीक हालचाल आमच्या गावात टिपली जाते. नानांचं मन आज कुठल्या दिशेला ओढलं जाईल हे टिपणारी सुई अजून निघायची आहे.

जिम्नॅस्टिक्स नानांच्या आयुष्यात आलं ते रो-रो बोटीतून. भाऊचा धक्का ते मांडवा ही बोट २०२० साली सुरू झाल्यापासून मुंबईची मंडळी गाडीसकट उतरतात, शनिवारी वाळू तुडवतात, रविवारी सुरमई खाऊन परत जातात. असंच एक कुटुंब नानांकडे उतरलं होतं. त्यांची नऊ-दहा वर्षांची मुलगी संध्याकाळी किनाऱ्यावर आली आणि ओहोटीनंतरच्या घट्ट ओल्या वाळूवर एकामागून एक कार्टव्हील मारत थेट सुरूच्या बनापर्यंत गेली. नाना तोंड उघडं टाकून बघत राहिले. मुलगी परत आली, हात झटकले आणि म्हणाली, “काका, तुम्हाला येतं?”

या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायची नानांच्या घराण्यात पद्धत नाही. “अजून सुरू केलं नाही,” नाना म्हणाले.

त्यावर मुलीचे वडील शहाळ्यातली नळी बाजूला करून हसत म्हणाले, “अगं, काका अलिबागचे आहेत!”

झालं. हे वाक्य अलिबागकराला नेमकं कुठं लागतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. हिंदी सिनेमावाल्यांनी ‘अलिबाग से आया है क्या’ करून करून आम्हाला देशभर भोळसट ठरवलं. वास्तविक ज्या गावातून कान्होजी आंग्र्यांनी इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांच्याही गलबतांना घाम फोडला, त्या गावाला भोळसट म्हणणाऱ्याचंच काहीतरी चुकतंय. २०१९ साली तर या वाक्यावर बंदी घाला म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिकाच झाली होती. न्यायालयानं ती फेटाळली. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नये, असा एकंदर सूर होता. नाना त्या आठवड्यापुरते कायद्याचे अभ्यासक होते. ‘पुनर्विचार याचिका’ असं शीर्षक घातलेला एक कोरा कागद त्यांच्याकडे अजून आहे. कोर्टात जे साधलं नाही ते आता मैदानात साधायचं, असं त्यांनी त्या शनिवारी ठरवलं.

रात्री दोनपर्यंत मोबाईल चालू होता. सकाळी टपरीवर आले ते पूर्ण तयारीनिशी.

“वयाचं काही नसतं,” कुणी वयाचा विषय काढण्याआधीच नाना म्हणाले. “ओक्साना चुसोविटिना. उझबेकिस्तान. टोकियोत शेहेचाळिसाव्या वर्षी व्हॉल्ट मारला. आठवं ऑलिम्पिक तिचं.”

“नाना, पण तिनं सुरू कधी केलं?”

“तो मुद्दा गौण आहे. जर्मनीच्या योहाना क्वास घ्या. जन्म १९२५. शहाऐंशीव्या वर्षी पॅरलल बारवर! गिनीज बुकात नाव आहे.” हे नाव उच्चारताना नानांचं जर्मन पहिल्यांदा कामी आलं.

मग दीपा कर्माकर झाली. त्रिपुराची मुलगी, तळवे सपाट, आणि जिम्नॅस्टला सपाट तळवे म्हणजे मोठी अडचण. तरी २०१६ साली रिओमध्ये प्रोडुनोव्हा व्हॉल्ट मारून चौथी आली. कांस्यपदक अवघ्या ०.१५ गुणांनी हुकलं. प्रोडुनोव्हा म्हणजे काय, असं कुणीतरी विचारलं. विचारायला नको होतं. नानांनी चहाचा ग्लास टेबलाच्या मधोमध ठेवला. हा व्हॉल्टिंग टेबल. हातात एक बिस्कीट घेतलं. ही दीपा. बिस्कीट धावत आलं, ग्लासाच्या काठावर टेकलं, वर उडालं, हवेत पुढे एक कोलांटी, दुसरी कोलांटी, आणि सरळ चहात गेलं.

“लँडिंग अवघड म्हणतात ते यासाठीच,” नाना बोटानं बिस्कीट काढत म्हणाले.

इथवर सगळं परदेशी चाललं होतं. दुसऱ्या दिवशी नाना स्वदेशीवर आले. जिम्नॅस्टिक्सला पुरुषांची सहा साधनं लागतात, बायकांची चार. आपल्याला एक खांब पुरतो, हे त्यांचं सूत्र. मल्लखांबाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त आहे. पुढे ही विद्या मागे पडली आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ती पुन्हा उभी केली. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्यात आले, पेशव्यांच्या दरबारात आव्हान देऊन उभे राहिले; पोरसवदा बाळंभटानं विडा उचलला, वणीच्या सप्तशृंगीला जाऊन उपासना केली, आणि माकडाच्या कसरती बघून खांबावरचे डाव बसवले, अशी कथा आहे. नाना ती सांगताना स्वतः अली होतात, गुलाब होतात, सप्तशृंगी होतात. फक्त माकड व्हायचं ते टाळतात, कारण टपरीवरची मंडळी टपलेलीच असतात. त्यानंतर दादरच्या शिवाजी पार्कला १९२५ साली निघालेलं समर्थ व्यायाम मंदिर, तिथले काळे गुरुजी, तिथंच आयुष्य घालवून २०२४ साली पद्मश्री झालेले उदय देशपांडे, २०१९च्या फेब्रुवारीत त्याच शिवाजी पार्कावर झालेली मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा. म्हणजे ज्या वर्षी कोर्टात अलिबागची याचिका गेली त्याच वर्षी मुंबईत जग खांबावर चढलं. नानांना या योगायोगात संकेत दिसला. त्यांना योगायोगात नेहमीच संकेत दिसतो; कांद्याच्या वेळीही दिसला होता.

मग खरेदी. नवशिक्याला जिम्नॅस्टिक्ससाठी काय लागतं, हे पुढे वर्गातल्या सरांनी एका वाक्यात सांगितलं: अंगाला बसणारे साधे कपडे, अनवाणी पाय आणि रोजचा एक तास. पण सर भेटायच्या आधीच नानांनी मागवलं ते असं. निळी घडीची गादी, माणसाहून लांब. हाताला लावायची पांढरी पूड, जी खरं म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट असते आणि घामानं पकड सुटू नये म्हणून लावतात. मनगटाचे पट्टे, ढोपरांचे पट्टे. बडोद्याच्या मुजुमदारांनी संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहाच्या दहा खंडांत पाहिजे म्हणून जुन्या पुस्तकवाल्यांकडे निरोप. आणि मल्लखांबाला चोळायला एरंडेल तेल, पाच लिटर.

औषधाच्या दुकानातला माणूस नानांना लहानपणापासून ओळखतो. त्यानं नानांच्या पोटाकडे बघितलं, मग चिंतेनं चेहऱ्याकडे. “पाच लिटर? नाना, कधीपासून त्रास आहे?”

“खांबासाठी आहे,” नाना म्हणाले.

यावर खरी उलटतपासणी केली ती नानांच्या वाडीतल्या नारळ पाडणाऱ्या गड्यानं. हा माणूस पायात दोरीचा फास अडकवून माडाच्या शेंड्यापर्यंत जातो, कोयत्यानं पेंड तोडतो आणि विडी विझायच्या आत खाली येतो. तेलाचा डबा बघून तो थबकला.

“तेल लावून चरायचं?”

“हो. म्हणजे अंग सोलवटत नाही. घर्षण कमी होतं.”

“घर्षन कमी झालं तर मानूस खाली येल.”

“तीच तर कला आहे!”

गडी बराच वेळ विचार करत राहिला. “आमी घाम पुसून चरतो,” तो म्हणाला. “आनी वरून नारल आनतो. तुमी वरून काय आनता?”

माझ्या मते मल्लखांबावर आजवर झालेल्या टीकेत ही सर्वांत मूलभूत. नानांनी उत्तर म्हणून ‘लवचिकता’ असं काहीतरी पुटपुटलं.

आता सुरू करायचं म्हणजे मुहूर्त आला. हनुमान जयंती हुकली होती. नागपंचमीला तालमीत पूजा असते म्हणून ती धरली, तर त्या दिवशी असा पाऊस लागला की वाडीतल्या वाफ्यांचं कमरेएवढं तळं झालं. श्रावण-भाद्रपदात आमच्याकडे भिंतीला हात लावला तरी ओला होतो. गादीला हिरवी बुरशी आली. पाऊस उघडल्यावर वहिनींनी ती घासून धुतली, अंगणात पसरली आणि तिच्यावर सुपारी वाळत घातली. ‘ठेवायचं कुठं’ या प्रश्नाचं उत्तर त्यांना पहिल्यांदाच सापडलं होतं. दसऱ्याला नानांनी सुपारी हलवून गादीची पूजा केली आणि त्याच संध्याकाळी अलिबागातल्या एका शाळेच्या पटांगणात, लहान मुलांच्या वर्गात, ते दाखल झाले.

पोशाख ऑनलाइन मागवलेला होता. अंगाला चिकटणारा, पांढरा, छातीवर निळा पट्टा. त्यात नाना पूर्ण मावले नव्हते, पण जेवढे मावले होते तेवढे दुरूनही ओळखू येत होते. वर्गातली वीस-बावीस पोरं ओळीत उभी होती, सगळ्यात मोठा सातवीतला. सर नानांच्या निम्म्या वयाचे, कमी बोलणारे. त्यांनी नानांना नमस्कार केला आणि विचारलं, “रक्तदाब?”

“बाळंभटदादांच्या काळी—”

“गोळी चालू आहे का?”

“आहे.”

“मान, कंबर, गुडघा, जुनं काही?”

नानांनी गुडघ्याची हकीगत सुरू केली. सरांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन उद्या या म्हणाले. नानांच्या कारकिर्दीत दुसऱ्या कुणी सुरुवातच पुढे ढकलण्याचा हा पहिला प्रसंग. दुसऱ्या दिवशी ते चिठ्ठी घेऊन आले. येतील की नाही यावर टपरीवर पैज लागली होती.

“आज काय शिकायचं?” नानांनी विचारलं. “बार की रिंग?”

“पडायला,” सर म्हणाले.

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण टीव्हीवर जिम्नॅस्टिक्स बघणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. वर्गाचा पहिला अर्धा तास अंग गरम करण्यात जातो आणि तो बघायला अत्यंत कंटाळवाणा असतो. आधी मनगटं, कारण पुढे सगळं ओझं त्यांच्यावर यायचं असतं. तळवे जमिनीवर, बोटं पुढे, मग बाहेर, मग उलटी फिरवून गुडघ्यांकडे, आणि हळूच मागे झुकायचं. मुलं हे करताना एकमेकांना चिमटे काढत होती. नानांची बोटं गुडघ्यांकडे वळली तेव्हा आवाज आला आणि मागच्या रांगेतल्या एका मुलानं वर आंब्याच्या झाडाकडे बघितलं. मग पाय फाकून बसणं. नानांच्या दोन पायांत जो कोन झाला त्याला भूमितीत लघुकोन म्हणतात. मग उताणं निजून कंबर जमिनीला चिकटवायची आणि खांदे अन् पाय वीतभर उचलून धरायचे. एवढंच. जिम्नॅस्टच्या शरीराचा सगळा पाया या एका स्थितीत आहे. हातावर उभं राहायचं असो की बारवर झुलायचं, पोट असंच आवळलेलं लागतं. मुलांनी सरांचे तीस आकडे होईपर्यंत धरलं. नाना सातव्या आकड्याला थरथरू लागले, नवव्याला बोलू लागले आणि बाराव्याला टेकले.

आणि मग कोलांटी. कोलांटी लहानपणी कुणी शिकवत नाही, ती येते. म्हणून मोठेपणी ती शिकता येते हे माणसाला पटत नाही. सरांनी नानांना आठ वर्षांच्या एका मुलीच्या हवाली केलं. ती गादीपाशी उकिडवी बसली.

“नाना, हात असे. खांद्याएवढे लांब. हनुवटी छातीला.”

“मानेच्या सातव्या मणक्यावर—”

“डोकं नाही टेकवायचं. डोकं लावलं तर मान दुखते. पाठीवर गोल जायचं. बेंबीकडे बघा.”

नानांनी बेंबी शोधली. तिची-त्यांची समोरासमोर भेट होऊन बरीच वर्षं लोटली असावीत.

“आता पायानं ढकला.”

नानांनी डोळे मिटले आणि ढकललं. पुढे जायच्या ऐवजी ते, भरतीला दोर सुटलेल्या होडीसारखे, उजवीकडे वळत वळत गादी सोडून मातीवर गेले आणि कुंपणाच्या दिशेला तोंड करून बसते झाले. मुलगी धावत गेली. “नाना, डोळे उघडे ठेवायचे! कुठं चाललो ते कळलं पाहिजे ना.”

पुढचा प्रयत्न वेगळा झाला. हनुवटी खरोखर छातीला लागली, ढुंगण वर गेलं, क्षणभर सगळा नाना आभाळाकडे तळवे करून थांबला, आणि पाठीचा एकेक मणका गादीला लावत पलीकडे आला. बसलेला. शुद्धीवर. पटांगणात शांतता पसरली आणि मग पोरांनी टाळ्या पिटल्या. मागच्या रांगेतल्या त्याच मुलानं नानांच्याच पांढऱ्या पुडीचा खडा घेऊन फरशीवर मोठ्ठा आकडा काढला: १.

“दहापैकी एक!” पोरं ओरडली.

नानांचा चेहरा उजळला. ते उठले, त्या आकड्याजवळ गेले आणि त्यापुढे टिंब देऊन दोन शून्यं स्वतः लिहिली. “१.००,” ते म्हणाले. “नादिया कोमानेची. माँट्रियल, १९७६. चौदा वर्षांची पोर. बारवर इतकी निर्दोष उतरली की दहापैकी दहा मिळाले. पण गुणफलकाला दहा दाखवताच येईना, कारण दहा कुणाला पडतील असं बनवणाऱ्यांना वाटलंच नव्हतं. म्हणून फलकावर काय दिसलं? १.००!”

मुलांनी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, “खरं आहे.” त्या दिवसापासून वर्गात ज्याची उडी फसते तो ‘नादिया’ म्हणवून घेतो. नानांनी त्या वर्गाला दिलेली ही एकमेव शास्त्रीय भर.

त्याच पटांगणातल्या मल्लखांबाची हकीगत थोडक्यात आटपतो, कारण ती घडलीही थोडक्यात. पुरलेला खांब शिसवाचा किंवा सागाचा असतो, अडीच मीटरच्या आसपास उंच, वर निमुळता होत गेलेला, मान बारीक आणि टोकाला बोंड. पहिली इयत्ता म्हणजे साधी उडी: खांबाला हात घालायचे, पाय वर फेकायचे आणि डोकं खाली ठेवून मांड्यांमध्ये खांब पकडायचा. त्याआधीचा बालवर्ग म्हणजे नुसती खांबाला मिठी मारून लटकायचं. नाना बालवर्गात बसले. स्वतःचं तेल स्वतः चोळलं आणि प्रमाण ज्ञानकोशातून न घेता मनानं घेतलं. मिठी उत्तम बसली. नाना जमिनीपासून दोन फूट वर होते, डोळे अर्धवट मिटलेले, आणि बाळंभटदादांनी बाजीरावांबरोबर ब्रह्मावर्ताला जाऊन तिथं ही विद्या कशी नेली ते सांगू लागले होते. बोलता बोलता आवाज खाली खाली येत गेला. ब्रह्मावर्त यायच्या आधीच नाना पायथ्याशी पोचले होते, मिठी तशीच ठेवून. नारळवाल्या गड्याचा सिद्धांत सिद्ध झाला.

टपरीवर आम्ही सगळ्यांनी दिवाळीचा अंदाज बांधला होता. नानांचा कुठलाही नाद दिवाळीपलीकडे गेल्याची नोंद नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटण्याबरोबर तो उतरतो. दिवाळी गेली. शेतातल्या पोपट्या सुरू झाल्या. भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा आणि कोंबडी भाजल्याचा वास येऊ लागला की भलेभले व्रत मोडतात. नाना पोपटीला आले, दोन शेंगा खाल्ल्या आणि उद्या वर्ग आहे म्हणून उठून गेले. तेव्हा मात्र आम्ही एकमेकांकडे बघितलं.

मी यावर विचार केला आहे आणि माझं मत असं. नाना आजवर जे जे सोडत आले ते दुसऱ्या पायरीला सोडत आले. पेटीत सा झाला की रे येतो, मोडीत ख झाला की ग येतो, आणि पहिल्या दिवसाची झिंग उतरते. जिम्नॅस्टिक्स हा एकच उद्योग त्यांना असा मिळाला की ज्यात पहिली पायरी संपतच नाही. देशाकडून खेळणारी मुलगी असली तरी तिचा दिवस मनगटं फिरवण्यानं आणि पोट आवळून उताणं निजण्यानं सुरू होतो. चुसोविटिनाही आठ ऑलिम्पिक करून रोज तिथूनच सुरू करत असणार. नानांना रोज संध्याकाळी साडेपाचला अधिकृतपणे नवा श्रीगणेशा करता येतो आणि कुणी त्यांना आरंभशूर म्हणू शकत नाही. उलट सरच म्हणतात, पहिल्यापासून करा. सरांच्या मते याला चिकाटी म्हणतात. टपरीचं मत अजून बनायचं आहे.

प्रगतीबद्दल खोटं सांगणार नाही. पुढची कोलांटी सरळ रेषेत जाते. मागची जाते, पण कुठं ते आधी सांगता येत नाही. भिंतीला पाय लावून हातावर उभे राहतात. सर दहा आकडे मोजतात, नाना सहा धरतात आणि उरलेले चार तोंडानं म्हणतात. कार्टव्हील आलेली नाही. जे येतं त्यात दोन्ही हात टेकतात आणि पाय जमिनीपासून सुटतात, पण एका वेळी एकच. पोटाचा घेर कमी झाल्याचं नाना सांगतात. वहिनी म्हणतात, पायजम्याची नाडी नवी आहे. मात्र गुडघ्याची कुरकुर कमी झाली आहे हे खरं, कारण तिची हकीगत आताशा ऐकायला मिळत नाही.

उपद्रव वाढला आहे तो निराळाच. नाना आता इतरांना सुरू करून देतात. खोलीत उतरलेल्या पर्यटकांना चावी देण्याआधी मनगटं फिरवायला लावतात. गेल्या महिन्यात अलिबाग स्टँडवर एसटी सुटायला उशीर झाला, तेव्हा फलाटावर दोन प्रवासी आणि एक कंडक्टर उकिडवे बसून आपापल्या बेंबीकडे बघत होते. टपरीवाल्याला त्यांनी हनुवटी छातीला लावून चहा गाळायला सांगितल्यापासून चहात चोथा येतो. वर्गात मोठ्या माणसांची वेगळी रांग करावी लागली. तिच्यात एक बँकेतल्या बाई, एक निवृत्त तलाठी आणि खुद्द औषधाच्या दुकानातला तो माणूस आहे. नारळवाला गडी एकदाच आला, खांबावर शेवटपर्यंत चढला, बोंडावर हात ठेवून वर नारळ नाही याची खात्री करून घेतली आणि उतरून घरी गेला.

तुम्हालाही यायचं असेल तर वर्ग संध्याकाळी साडेपाचला असतो, रविवारी सुट्टी. वयाची अट नाही. रक्तदाब, मान किंवा कंबरेचं दुखणं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणावी. जेवून लगेच येऊ नये, नखं कापून यावं, अंगठी-घड्याळ घरी ठेवावं, आणि पहिले पंधरा दिवस फक्त पडायला शिकवतील याची मनाची तयारी असावी. तेल आणायची गरज नाही. नानांकडे अजून साडेचार लिटर शिल्लक आहे.